राळ्याची एकेचाळीस कणसे

रविवार, दिनांक १२ ऑक्टोबर २०२५ रोजी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, राजूरच्या बाजारतळावर घातलेल्या मंडपात, माझा सख्खा भाचा कानिफनाथ याने माझ्या राळ्याची एकेचाळीस कणसे पुष्पगुच्छ म्हणून एका परक्या पाहुण्याच्या हातात दिली. घड्याळ माझे स्वतःचे, रोज सकाळी रेडिओच्या बातम्यांवर लावलेले. वेळेबद्दल वाद नको. या कृत्याचा लेखी खुलासा आजतागायत आलेला नाही. "चुकलं गं आत्या" हे तोंडी आठ वेळा आले आहे. तो खुलासा नव्हे. म्हणून हे मृत्युपत्र.

मी, लंका सहादेव फापाळे, वय वर्षे त्र्याहत्तर, अविवाहित, टेलिफोन खात्यातून निवृत्त सुपरवायझर, राहणार मौजे आंबेदरा, राजूरजवळ, तालुका अकोले, जिल्हा अहिल्यानगर (माझ्या सर्व दाखल्यांवर अहमदनगर आहे, ते बदलून घ्यायला मी कोणत्याही कचेरीत रांग लावणार नाही), हे पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि स्वतःच्या अक्षरात लिहिते. कोणाचा दबाव नाही. माझ्यावर दबाव आणू शकणारी शेवटची व्यक्ती माझी आई होती आणि ती २००१ साली गेली.

शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. त्यांनी मला विचारले, "आजी, आज वार कोणता?" मी वार सांगितला आणि त्यांच्या वडिलांच्या दवाखान्याचा १९८४ सालचा टेलिफोन नंबरही सांगितला. त्यांनी लगेच दाखला लिहून दिला.

माझा स्वभाव तोंडाळ आहे असे गावात म्हणतात. एकोणचाळीस वर्षे मी लोकांची बोलणी जोडून दिली आणि तीन मिनिटे झाली की तोडली. ज्याला कमी शब्दांत बोलायची सवय लागते, त्याचे शब्द टोचतात. त्याला माझा इलाज नाही.

कलम १. राळा म्हणजे काय

हे कलम वकिलांनी काढून टाका म्हणून सांगितले. ते राहील. ज्या वस्तूची व्यवस्था लावायची ती कोणती हे वारसांना कळले पाहिजे, आणि माझ्या वारसाने ती वस्तू शोभेची समजून कापली आहे.

राळा हे गवताच्या जातीचे धान्य आहे. कमरेएवढे वाढते. कणीस कोल्ह्याच्या शेपटीसारखे, केसाळ, पिकले की मान खाली घालते. दाणा मोहरीहून थोडा मोठा, पिवळा. माळावर, मुरमाड जमिनीत, कोणी लाड न करता येतो. पूर्वी आमच्या या डोंगरपट्टीत घरोघर असे. मग सडायचा, म्हणजे उखळात कांडून टरफल काढायचा, त्रास नको म्हणून एकेकाने सोडला. आमच्या घरी राहिला, कारण माझी आई बनुबाई हिला त्या भाताशिवाय जेवल्यासारखे वाटत नसे.

माझे वडील नगरच्या एका कॉन्व्हेंटमध्ये माळी होते. सिस्टरांनी त्यांच्या मुलीला, म्हणजे मला, शाळेत घेतले. शाळेच्या व्हरांड्यात लव्हबर्ड्सचा मोठा पिंजरा होता. मी नऊ वर्षांची असताना पहिल्यांदा त्यात डोकावले, तर त्या पाखरांपुढे चिनी मातीच्या वाटीत राळा. आम्ही घरी जो दोन वेळा जेवत होतो, तो इथे हिरव्या पाखरांना, तोही आमच्या ताटाहून चांगल्या वाटीत. मी पिंजऱ्यात हात घालून मूठभर घेतला आणि कचाकचा चावून खाल्ला. सिस्टरांनी शिक्षेच्या वहीत लिहिले, "लंकाने पाखरांचे जेवण खाल्ले." मी त्याखाली लिहिले, "पाखरांनी लंकाचे जेवण खाल्ले." मला दोन तास उभे केले. मग त्याच सिस्टरांनी वडिलांना बोलावून विचारले, हे माणसांसाठी कसे शिजवतात. पुढच्या रविवारी आईने डबा पाठवला. तो रिकामा परत आला आणि नंतर दर रविवारी जात राहिला. त्या सिस्टरांबद्दल माझ्या मनात काही नाही. पाखरांबद्दल थोडे आहे.

कलम २. एकेचाळीस कणसे

आमच्या घरची पद्धत अशी. बियाण्याचे कणीस खळ्यावर निवडायचे नाही, उभ्या पिकात निवडायचे. सकाळी, दव असताना. सगळ्यांत मोठे घ्यायचे नाही. जे एकसारखे भरले आहे आणि ज्याने मान सरळ खाली घातली आहे ते घ्यायचे. त्याला खूण बांधायची. खूण बांधलेल्या कणसाला विळा लागत नाही. बाकी पीक निघून गेले तरी ते माळावर एकटे उभे राहते आणि ताटावरच पूर्ण वाळते. आई खुणेला लुगड्याची चिंधी बांधायची. मी एक्स्चेंजमधल्या जंपर वायरचे तुकडे बांधते. लाल-पांढरी, पिळाची तार. ती पावसात कुजत नाही. (हे तुकडे केरात जात होते आणि मी साहेबांना विचारून आणले आहेत. चौकशी करायची असल्यास साहेब वारले आहेत.)

गेल्या वर्षी सप्टेंबरात पाऊस थांबेना. राळा आडवा झाला आणि कणसातच उगवला. वरच्या बांधाला, पाणी निथळते तिथे, मोजून एकेचाळीस कणसे उभी राहिली. मी गुडघ्याला पट्टा बांधून चढले आणि एकेचाळिसांनाही तार बांधली. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा आला तरी दाणा चिकात होता. आठ-दहा दिवस हवे होते.

इथे माझी चूक लिहिते, कारण अर्धे सत्य सांगून मृत्युपत्र करू नये. त्याआधीच्या वर्षीचा दोन पायल्या राळा कणगीत होता. राजूरला भरडधान्य महोत्सव ठरला आणि कानिफनाथ जेवणासाठी मागायला आला. मी आनंदाने दिला, कारण बियाण्याला माळावर एकेचाळीस कणसे होती. तो सगळा सडून शिजवला गेला. सडलेला दाणा उगवत नाही.

कानिफनाथ हा माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. वय सेहेचाळीस. मंडप आणि डेकोरेशनचा धंदा. मनाने चांगला आहे, मी आजारी पडले तर दोन वेळा येतो आणि दोन्ही वेळा माझ्या खोलीतल्या पडद्याला नावे ठेवून जातो. शेतात तो कधी रमला नाही. महोत्सवाच्या सकाळी त्याने काय केले ते त्याच्याच शब्दांत लिहिते. कार्यक्रमानंतर मंडपाच्या मागे, गॅसच्या शेगड्यांपाशी, मी त्याला धरले तेव्हा तो म्हणाला:

"आत्या, तार तूच बांधली होतीस ना? मला वाटलं पाहुण्यांसाठी निवडून ठेवलीस. आमच्या धंद्यात रिबन बांधली की माल तयार."

"आणि हा सोनेरी रंग?"

"तसं फोटोत उठून दिसत नव्हतं."

होय. त्याने माझ्या बियाण्यावर सोनेरी स्प्रे मारला होता.

मी पहिल्या रांगेत बसले होते, कारण मला त्या दिवशी बियाणे जपल्याबद्दल शाल आणि नारळ मिळणार होता. व्यासपीठावर पाहुण्यांच्या हातात गुच्छ गेला आणि मला लाल-पांढरी तार दिसली. तार मी अंधारातही ओळखते. मी उठले, वर गेले, आणि माईकवर, कॉन्व्हेंटने दिलेल्या इंग्रजीत म्हणाले, "एक्स्क्यूज मी सर, यू आर होल्डिंग माय सीड." पाहुणे सभ्य होते. त्यांनी उभे राहून, दोन्ही हातांनी, गुच्छ मला परत दिला. त्यांचे दोन्ही तळवे सोनेरी झाले होते आणि शर्टावर एक पंजा उमटला होता. त्यांचा दोष काही नाही, म्हणून त्यांचे नाव इथे नाही. मला शाल मिळाली. ती कलम ६ मध्ये आहे.

घरी आणून मी उगवण बघायला थोडे दाणे ओल्या गोणपाटात घातले, गोणपाट चुलीच्या उबेला ठेवले. बारा दिवस वाट पाहिली. एक मोड नाही. कच्चा दाणा आणि वर रंग, तो काय उगवणार. कानिफनाथ रोज सकाळी येऊन गोणपाट उघडून बघायचा आणि पुन्हा झाकायचा. दिवाळी आली आणि गेली. त्याने दुकानातून राळ्याचे पाकीट आणून दिले. चांगले असेल. पण तो राळा माझ्या आईला ओळखत नव्हता. मी पाकीट परत केले. आसपासच्या नऊ गावांत फोन केले. फोन करणे हे माझे आयुष्यभराचे काम आहे, आणि नऊ ठिकाणी मला "न्हाई बा, कोन लावतंय आता" हेच ऐकू आले.

तेव्हा कानिफनाथाची मुलगी दिशा सुट्टीला आली होती. नाशिकला नर्सिंग शिकते. मी तिच्यापुढे तिच्या बापाचा उद्धार करत होते. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "आत्याआजी, बाबांनी कणसं कापली ते खरं. पण सगळं बी एकाच घरात कोणी ठेवलं होतं?"

मी तिला स्वयंपाकघरातून बाहेर जा म्हटले. ती गेली नाही. याचा परिणाम कलम ५ मध्ये वाचावा.

कलम ३. भागूबाई

माझ्या घराला लागून भागूबाई डगळे राहते. वय सत्तरीचे. तिच्याशी मी बावीस वर्षे बोलत नव्हते. कारण असे.

२००३ च्या जूनमध्ये ती ओंजळभर राळा बियाण्याला मागायला आली. मी म्हटले, हे आईचे बी आहे, घराबाहेर जाणार नाही. ती गेली. ऑक्टोबरात मी रजा घेऊन मळणीला आले, तर ती न बोलावता मदतीला हजर. दिवसभर राबली. संध्याकाळी सूप हलके लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती फाट्यावर एस.टी.त चढत होती. मी सगळ्या बसदेखत ओरडले, "भागू, ओच्यात काय आहे?" ती पायरीवरून म्हणाली, "पान-सुपारी हाय. तुला पायजे?" कंडक्टरने दोनदा घंटी मारली आणि बस गेली. तेव्हापासून मी तिला चोर म्हणत आले आणि ती नाही म्हणत आली. आमच्या दोघींच्या मधल्या कुंपणाला तीन वेळा नवी काटेरी तार लागली. तिन्ही वेळा मीच लावली.

मंगळवार, १३ जानेवारी २०२६. भोगी. भोगीला आमच्याकडे राळ्याचा भात लागतो. मी बाजरीची भाकरी केली, मिसळीची भाजी केली आणि भाताच्या जागी ताट रिकामे ठेवले. त्र्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा. तेवढ्यात दारात भागूबाई. हातात स्टीलचा डबा.

"आक्का, भोगीचा भात हाय. आदी खा, मंग बोल."

मी झाकण काढले. वास ओळखीचा आला. तरी एक घास खाल्ला, कारण पुराव्याशिवाय मी बोलत नाही. तो पुरावाच होता. तसाच मोकळा, शेवटी तशीच किंचित कडवट चव.

"हा राळा कुठला?"

"कुठला आसंल? तुझाच."

"म्हणजे नेला होतास."

"व्हय, नेलता. तू एश्टीपुढं वरडलीस ना, तवा बी ओच्यातच हुता. पान-सुपारीच्या खाली."

"बावीस वर्षं नाही म्हणत आलीस."

"व्हय म्हनले आसते तर तू परत मागितला आसतास."

यावर मी आणखी एक घास खाल्ला. पुरावा दोनदा तपासलेला बरा.

मी विचारले, पेरतेस कुठे. ती म्हणाली, "डोंगराच्या पल्याड, भावाच्या माळावर. तुझे गुडघे दुखत्यात, तू तिकडं यायची न्हाईस, मला ठाव." मग ती जमिनीवर ऐसपैस बसली आणि पुढचे बोलली. ते मी शब्दशः लिहिते, कारण ते माझ्याविरुद्ध आहे.

"तुझ्या आईनं मला दोनदा दिलता राळा. सून म्हनून आले तवा एकदा. पोरं झाली, घरात दुसरं काय नव्हतं, खाऊन टाकला. तर म्हातारीनं परत दिला. काय बोलली न्हाई. तिसऱ्यांदा आले तर दारात तू. आईचं बी, आईचं बी. आईनं कुनाला न्हाई म्हनलंवतं?"

तेव्हा कबूल करते: बी घराबाहेर जाऊ नये हा नियम बनुबाईचा नव्हता. तो माझा होता. आई गेली आणि मी तिच्या सगळ्या वस्तूंना कुलूप लावत सुटले, त्यात हेही कुलपात गेले. भागूबाईने कुलूप फोडले.

मी म्हटले, "भागू, मला बी दे."

"आसं न्हाई. जितं वरडलीस तितं म्हन."

"काय म्हणू? तू चोर नाहीस म्हणू? तू चोर आहेस."

"मंग जे खरं हाय ते म्हन. पर तितंच. अन् तेवड्याच मोट्यानं."

बाजाराच्या दिवशी सकाळी साडेआठच्या बसला मी फाट्यावर गेले. भागूबाई नवे लुगडे नेसून आली होती. बस थांबली. खिडक्यांतून डोकी बाहेर होती, कारण कानिफनाथाने आदल्या दिवशी सगळीकडे सांगून ठेवले होते. मंडपवाल्याला कार्यक्रम कळतो. मी छातीत श्वास भरला आणि ट्रंक कॉलच्या आवाजात म्हणाले, "भागूबाई डगळे हिने २००३ साली माझा राळा चोरला. तिने तो चोरला म्हणून आज माझ्या आईचा राळा जिवंत आहे. मी तिची जाहीर आभारी आहे आणि तिने आणखी चोरला असता तर बरे झाले असते."

बस टाळ्यांनी हलली. २००३ च्या त्या बसचे कंडक्टर राधाकृष्ण आता निवृत्त आहेत, ते फाट्यावर उभे होते. त्यांनी बसच्या पत्र्यावर दोनदा हात मारला. आताच्या कंडक्टरला वाटले जायचा इशारा, आणि बस निघून गेली. भागूबाई बाजाराला जायची ती राहिली. मग आम्ही दोघी चालत घरी आलो आणि तिने मला शेरभर राळा मोजून दिला. वर एक मूठ घातली. ती मूठ चोरीची परतफेड आहे की दान, यावर आमचे अजून एकमत नाही.

त्यातला मूठभर राळा मी ओल्या गोणपाटात घातला. चौथ्या दिवशी सगळे गोणपाट पांढऱ्या मोडांनी भरले. कानिफनाथ आला, त्याने गोणपाट उघडले, आणि हा सेहेचाळीस वर्षांचा मंडपवाला माझ्या चुलीपुढे बसून हसत राहिला. मीही हसले. पण त्याने माझा राग गेला असे कोणी समजू नये.

कलम ४. माळ

गट नंबर ११७ मधील अकरा गुंठे माळ, जो भावाने बहिणीचा हक्क म्हणून नोंदणीकृत वाटणीपत्राने मला दिला, तो माझ्या पश्चात कानिफनाथाला जाईल. अटी पुढीलप्रमाणे.

दर पावसाळ्यात निदान दोन गुंठ्यांवर राळा पेरायचा. स्वतः. मंडपाच्या पोरांकडून नाही.

बियाण्याची कणसे उभ्या पिकात, दवात, स्वतः निवडायची. भागूबाई हयात आहे तोवर तिच्या नजरेखाली. ती शिव्या देईल. त्या ऐकून घ्यायच्या, त्यात पुष्कळ शेतीज्ञान असते.

बी दरवर्षी किमान तीन घरांत ठेवायचे: एक स्वतःच्या, एक भागूबाईच्या, आणि तिसरे अशा घरात ज्याच्याशी आपले पटत नाही. तिथे ते सगळ्यांत नीट राहते, हे मी अनुभवाने सांगते.

मागायला येईल त्याला ओंजळभर बी द्यायचे. जात, पक्ष, जुने भांडण विचारायचे नाही. खाऊन टाकले म्हणून पुन्हा आला तर पुन्हा द्यायचे. तिसऱ्यांदाही द्यायचे. माझ्या राळ्याची चोरी हा या मृत्युपत्रान्वये गुन्हा नाही.

कोणत्याही धान्यावर सोनेरी, चंदेरी किंवा इतर रंग मारायचा नाही.

यातली एक अट जरी मोडली तरी माळ दिशाकडे जाईल. मोडली की नाही हे दिशा आणि भागूबाई मिळून ठरवतील. दोघींचे एकमत होणार नाही ही कानिफनाथाची आशा व्यर्थ आहे. मी दोघींना एकत्र चहा पिताना पाहिले आहे.

कलम ५. घर

दोन खोल्या, पडवी आणि मागचे परस असे माझे घर दिशाला. ती मला तोंडावर बोलली म्हणून. माझ्या कानांनी आयुष्यभर लाखो लोक एकमेकांशी बोलताना ऐकले. त्यातले फार थोडे खरे बोलत होते.

परसातली काटेरी तार काढून टाकावी. मी हयात असताना काढणार होते, पण भागूबाई म्हणते राहू दे, कोंबड्या जातात. तेव्हा तिच्याशी बोलून ठरवावे.

कलम ६. वस्तू

आईचे उखळ आणि मुसळ कानिफनाथाची बायको निकिता हिला. मिक्सरमध्ये राळा सडायचा प्रयोग तिने एकदा केला आहे. मी त्याबद्दल कधी बोलले नाही, आताही बोलत नाही.

कणगी भागूबाईला. झाकण घट्ट बसते, आता चोरण्याची गरज नाही.

बातल ठरलेल्या टेलिफोनची घंटी, जी मी माळावर पाखरांसाठी टांगते, ती माळाबरोबर राहील. ती लिलावात रीतसर घेतली आहे, पावती कपाटात आहे. दोरी ओढली की वाजते. पाखरे उडतात. थोडी राहतात, त्यांना राहू द्यावे. त्यांचे आणि माझे जुने आहे.

माझा हेडफोन दिशाला, आणि इंग्रजीचा शब्दकोश, जो मला शुद्धलेखनाचे बक्षीस म्हणून मिळाला. त्याच्या पहिल्या पानावर सिस्टरांच्या अक्षरात लिहिले आहे, "लंकाला, जिने पाखरांची माफी मागितली नाही."

महोत्सवातली शाल बुजगावण्याला.

जंपर वायरचे उरलेले भेंडोळे कानिफनाथाला. त्याने त्याच्यापुढे रोज पाच मिनिटे बसावे.

बँकेतले जे आहे ते पासबुकात आहे. ते दिशाच्या शिक्षणाला लागेल. त्याची चर्चा इथे नको, तेराव्यालाही नको.

कलम ७. माझ्या मागे

मंडप कानिफनाथ घालणारच, त्याला अडवता येणार नाही. साधा पांढरा घालावा. झालर नको. माईक ठेवू नये, कारण तो ठेवला की कोणीतरी बोलते. तेराव्याला राळ्याची खीर करावी, गूळ घालून, आणि कणगीतून बियाण्याचे आधी बाजूला काढून मगच खिरीचे काढावे. हा क्रम चुकला तर खीर करू नये. कोणी रडल्यास तीन मिनिटे रडू द्यावे.

कलम ८. अंमलबजावणी

या मृत्युपत्राची अंमलबजावणी दिशा करील. भागूबाईला साक्षीदार करायचे होते, पण वकील म्हणाले, जिला काही मिळणार तिची सही नको. तिला हे सांगितले तर म्हणाली, "कणगीसाठी साक्ष गेली व्हय? मंग कणगी मोटी आसंल ना?" आहे.

हे सर्व मी वाचून पाहिले आहे, दोनदा. शुद्धलेखन तपासले आहे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही, कारण यापूर्वी मला कोणी एवढे चिडवले नव्हते आणि यापूर्वी मी एवढी खूशही नव्हते.

स्थळ: मौजे आंबेदरा, तालुका अकोले
दिनांक: सोमवार, ९ फेब्रुवारी २०२६
सही: लंका सहादेव फापाळे

साक्षीदार
१. राधाकृष्ण, निवृत्त एस.टी. कंडक्टर, राहणार राजूर. ओरडण्याच्या दिवशी आणि आभाराच्या दिवशी, दोन्ही वेळा हजर. सही.
२. कडूबाई, अंगणवाडी सेविका, राहणार आंबेदरा. सही करताना हसली म्हणून अक्षर हलले आहे. सही तिचीच आहे.

कानिफनाथ यास

सह्या होत असताना तू पडवीत बसला होतास. आत येऊन म्हणालास, "आत्या, हे सगळं कागदावर कशाला? मी करतो म्हटलं ना." मी म्हटले, "लिहून दे." तू म्हणालास, "काय लिहू?"

तर ऐक. मेमध्ये माळ नांगरायचा आहे. पहिल्या पावसाला भागूबाईचे, म्हणजे माझे, म्हणजे आईचे बी त्यात पडेल. ऑक्टोबरात कणसे मान खाली घालतील. माझे गुडघे मला वर नेतील की नाही सांगता येत नाही, म्हणून त्या सकाळी तूच जाशील. बांधाशी काही कणसांना लाल-पांढरी तार बांधलेली दिसेल. तेव्हा तू काय करशील, आणि त्याआधी ती तार बांधली कोणी असेल?

दोन्ही प्रश्नांची उत्तरे, कलम ४ पुन्हा वाचून, मला लेखी हवीत. शाईने, पूर्ण वाक्यात, तुझ्या सहीनिशी. व्हॉट्सअॅपवर हात जोडलेले चित्र चालणार नाही. उत्तर गुरुवार, दिनांक ३० एप्रिल २०२६, सायंकाळी पाच वाजण्यापूर्वी माझ्या हातात पडावे. पाच वाजता मी घड्याळ बघणार आहे, आणि ते बरोबर आहे.